दोरी ओढणारा माणूस : लहान, स्वस्त लेथचा मोठा इतिहास

१/ लाकूडकामाचा छंद जडलेल्या तरुणाला करवत, रंधा आणि पटाशी यांच्यानंतर लेथ खुणावू लागते. भोवरा, लाटणे, बुद्धिबळाची मोहरी, झाकणाची डबी असे सारे गोल आकार लेथवर घडतात. मग किमतींची चौकशी होते आणि ‘परवडणारे लहान लेथ कुठे मिळेल?’ हा शोध सुरू होतो. हा प्रश्न आजचा वाटतो. इतिहासात मात्र त्याचे स्वरूप वेगळे होते. बहुतेक काळ लेथ हे अगदी स्वस्त साधन होते. महाग होते ते फिरवणे. हा धागा त्या फिरवण्याचा हिशेब मांडतो.

२/ आधी शब्दांकडे पाहू. मराठीत सूत कातले जाते, तसेच लाकूडही कातले जाते. लाकूड कातणारा तो कातारी. आडनाव म्हणूनही हा शब्द टिकून आहे. रेखीव, घोटीव आकाराला ‘कातीव’ म्हणतात. पुराणातला विश्वकर्मा तर प्रत्यक्ष सूर्यालाच फिरत्या यंत्रावर चढवून त्याचे असह्य तेज छाटतो आणि त्या छाटणीतून सुदर्शन चक्र घडवतो. ही कथा रचणाऱ्याने कातकाम जवळून पाहिले असावे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

३/ प्राचीन लेथची रचना समजण्यासाठी ताक घुसळण्याची रवी आठवावी. रवीच्या दांड्याला दोरीचे वेढे असतात. दोन्ही टोके आळीपाळीने ओढली की दांडा एकदा इकडे, एकदा तिकडे फिरतो. हाच दांडा दोन अणकुचीदार खिळ्यांमध्ये आडवा धरला आणि त्याला पटाशी लावली की लेथ तयार झाले. दोन खुंट, दोन खिळे, एक दोरी एवढेच त्याचे भांडवल. अडचण एकच. दोरी ओढायला दोन हात लागतात आणि पटाशी धरायलाही दोन.

४/ म्हणून लेथचे सर्वांत जुने निश्चित चित्र दोन माणसांचे आहे. इजिप्तमधील तूना अल-गेबेल येथे थॉथ देवाचा पुजारी पेटोसिरिस याची कबर आहे, काळ इ.स.पू. सुमारे ३००. तिच्या भिंतीवरील उठावचित्रात एक कारागीर पटाशी धरून आहे आणि दुसरा दोरी ओढतो आहे. लाकूड एका दिशेने फिरताना पटाशी कापते. उलट फिरताना ती किंचित मागे घ्यावी लागते. म्हणजे ओढणाऱ्याचे निम्मे श्रम केवळ परतीच्या फेरीत जातात.

५/ भारतीय पुरावा वेगळ्याच ठिकाणी सापडतो. पाली त्रिपिटकातील सतिपट्ठान सुत्तात श्वासाच्या सजगतेसाठी काताऱ्याचा दृष्टान्त दिला आहे. ओढ लांब आहे की आखूड, याचे भान जसे कुशल काताऱ्याला असते, तसे भिक्षूला श्वासाचे असावे, असा त्याचा आशय. आत-बाहेर करणारा श्वास आणि पुढे-मागे होणारी दोरी यांची ही जोडी विलक्षण नेमकी आहे. शिवाय त्या दृष्टान्तात काताऱ्याबरोबर त्याचा अंतेवासी, म्हणजे शिष्यही आला आहे. धाग्याच्या शेवटी या शिष्याकडे पुन्हा वळावे लागेल.

६/ अशा साध्या यंत्रावर किती काम निघत असे? जपानमध्ये सम्राज्ञी शोतोकू हिच्या आज्ञेवरून इ.स. ७६४ ते ७७० या काळात दहा लक्ष छोटे लाकडी स्तूप घडवण्यात आले, असे तेथील इतिवृत्त सांगते. प्रत्येकाच्या पोटात छापील मंत्राचा कागद ठेवून ते दहा मंदिरांना वाटले गेले. हे स्तूप लेथवर कातलेले आहेत आणि होर्यूजी मंदिरात त्यांपैकी हजारो आजही जपलेले आहेत. सम्राज्ञीचे नाव इतिहासात राहिले. दोऱ्या कोणी ओढल्या, ते राहिले नाही.

७/ भारतीय काताऱ्याने दुसऱ्या माणसावाचून काम भागवण्याची एक युक्ती काढली, ती कमानीची. दोरी कमानीला बांधली की एक हात कमान पुढे-मागे करतो, दुसरा पटाशी धरतो आणि जमिनीवर बसलेला कारागीर पटाशी स्थिर ठेवायला पायाची बोटे वापरतो. कच्छमधील निरोणा गावातील वाढा समाजाचे कारागीर अशाच हातलेथवर लाटणी व डाव घडवून त्यांवर लाख चढवतात. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर बसते. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी आणि आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी वस्तू ही लाकूड आणि रंग यांच्या याच विस्तृत परंपरेतली.

८/ युरोपातील युक्ती निराळी होती. दोरीचे एक टोक पायाखालच्या फळीला आणि दुसरे डोक्यावरच्या लवचिक दांड्याला बांधत. पाय दाबला की लाकूड फिरे. पाय उचलला की दांडा उसळून दोरी परत खेची. दोरी ओढणाऱ्या माणसाची जागा एका कोवळ्या झाडाने घेतली. इंग्लंडमध्ये हाय विकमच्या आसपासच्या चिल्टर्न टेकड्यांत ‘बॉजर’ म्हणवणारे कारागीर बीचच्या जंगलातच असे लेथ उभारून खुर्च्यांचे पाय कातत. ओंडक्यापेक्षा तयार पाय वाहून नेणे सोपे; म्हणून यंत्रच झाडाकडे जाई. हा व्यवसाय विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तग धरून होता.

९/ परतीची फुकट फेरी वाचवायची, तर लाकूड एकाच दिशेने फिरत राहायला हवे. त्यासाठी जड चाक आले. लिओनार्दो दा विंचीच्या ‘कोदेक्स अत्लांतिकुस’ या टिपणसंग्रहात पायाने चालणाऱ्या, चाक जोडलेल्या लेथचे रेखाटन आहे. मोठ्या कामांसाठी मात्र माणसापेक्षा उंच चाक वापरत आणि ते फिरवायला वेगळा मजूर लागे. तंत्र सुधारले आणि दोरी ओढणारा माणूस चाक फिरवणारा झाला, एवढेच.

१०/ याच सुमारास लेथ राजदरबारातही शिरले. रशियाचा पीटर द ग्रेट (१६७२–१७२५) हा हौशी कातारी होता. त्याचा यंत्रतज्ज्ञ आंद्रेई नार्तोव याने घडवलेली लेथ सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. १७०१ मध्ये शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मोपदेशकाने कातकामावर सचित्र ग्रंथच प्रसिद्ध केला. पुढे लंडनच्या होल्टझाप्फेल घराण्याने धनिकांसाठी नक्षीकामाची अत्यंत महागडी लेथ बनवली. ‘छंदाचे लेथ’ ही कल्पना इथे रुजली. पोटासाठी कातणाऱ्याचे लेथ दोन खुंटांचे होते, हौसेखातर कातणाऱ्याचे पितळ-पोलादाचे. आजच्या हौशी माणसाला लेथ महाग वाटते, याचे मूळ काही अंशी या दुसऱ्या परंपरेत आहे.

११/ ही दरी कमी केली ती लहान विद्युत मोटरने. १९४७ मध्ये अमेरिकेत हान्स गोल्डश्मिट यांचे ‘शॉपस्मिथ’ बाजारात आले. एकाच यंत्रात लेथ, करवत आणि ड्रिल. गिऱ्हाईक होते घराच्या गॅरेजमध्ये काम करणारा सामान्य माणूस. मोटरने दोरी, कमान, फळी आणि चाक या सर्वांना एका बटणात बसवले. बावीसशे वर्षांपूर्वी भिंतीवर कोरलेला तो दुसरा माणूस अखेर मोकळा झाला. यात हळहळण्यासारखे काही नाही; दिवसभर दोरी ओढण्यात कोणतेही काव्य नव्हते.

१२/ तरीही एक गोष्ट त्याच्याबरोबर निघून गेली. इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यात बकलबरी येथे जॉर्ज लेली नावाचा वाडगे कातणारा कारागीर होता. पायाच्या लेथवर तो एकाच ओंडक्यातून एकात एक बसणारे वाडगे काढी. १९५८ मध्ये तो वारला तेव्हा त्याचा वारसा चालवणारा शिष्य नव्हता. त्याचे लेथ रीडिंगच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात गेले. ओबडधोबड लाकडांचे ते यंत्र कोणालाही पुन्हा उभारता आले असते. ते चालवायचे कसे, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. १९९० च्या दशकात रॉबिन वूड यांनी ते लेथ आणि लेलीची हत्यारे न्याहाळून, चुकत-माकत ती विद्या नव्याने कमावली.

१३/ सुत्तातला अंतेवासी इथे आठवतो. दोरी ओढणारा प्रत्येक जण शिष्य होता, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. अनेकांसाठी ती निव्वळ मजुरीच होती. मात्र लेथशेजारी बसण्याची जी जागा होती, ती शिकण्याचीही जागा होती. पटाशी कोणत्या कोनात टेकते, लाकूड कोठे कुरकुरते, हात केव्हा सैल सोडायचा, हे वर्षानुवर्षे हातभर अंतरावरून दिसत राही. मोटरने ते कष्ट संपवले आणि त्याबरोबर ती जागाही संपवली. आजचा हौशी माणूस लेथ घरी आणतो आणि तिच्यापुढे एकटाच उभा राहतो.

१४/ म्हणून परवडणारे लेथ शोधणाऱ्याला इतिहासाचा सल्ला दुहेरी आहे. यंत्र जुने चालेल, लहान चालेल. फक्त बैठक जड असावी, दोन्ही टोके समोरासमोर आणली की त्यांच्या अणी नेमक्या भिडाव्यात आणि जाड लाकडासाठी वेग कमी करता यावा. पटाश्या व त्यांना धार लावण्याची सोय यांचा खर्च आधीच धरावा, सैल बाह्या टाळाव्यात, चेहऱ्यावर संरक्षक काच असावी. आणि पैसे मोजण्यापूर्वी खुर्च्या-पलंगांचे पाय कातून देणारे एखादे जुने दुकान शोधावे. लाकडाची बाजारपेठ असलेल्या गावांत असा एखादा कारागीर अजूनही भेटतो. त्याची परवानगी घेऊन चार दिवस शेजारी बसावे. आता दोरी ओढावी लागत नाही. बसायला मात्र जागा आहे.