माशांआधी पाणी

पुण्यातील सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आपण कधी गेला असाल, तर तेथील पाण्याकाठी क्षणभर थांबला असालच. सुमारे दहा एकरांची ही बाग जपानमधील ओकायामा शहराच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर रचलेली आहे. मूळ कोराकुएन इ. स. १७०० मध्ये पूर्ण झाले. आपल्याकडील ही बाग पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणूनही ओळखली जाते. वळणे घेत जाणारे पाणी, त्यावरील लहान पूल, कातरलेली झुडपे आणि पाण्यात तांबडे, पांढरे, केशरी मासे. आपली सावली पाण्यावर पडली की ते तोंडे उघडीत वर येतात. हेच कोई.

आई गेल्यानंतरच्या वर्षी मी वडिलांना, म्हणजे नानांना, तेथे नेऊ लागलो. नाना तेव्हा एक्याऐंशीचे होते. घरी ते दिवसभर एका खुर्चीत बसून असत, फारसे बोलत नसत. बागेत मात्र ते अर्धा अर्धा तास मासे पाहत उभे राहत. एके सकाळी म्हणाले, "आपल्या मागच्या अंगणात असे तळे करता येईल का रे?" कित्येक महिन्यांत त्यांनी प्रथमच काही मागितले होते. मी लगेच गवंडी बोलावला. माझी चूक त्या 'लगेच'मध्ये होती.

त्या चुकीकडे वळण्यापूर्वी या माशाचे कूळ पाहू. कोई म्हणजे रंगीत कार्प. आपल्याकडील मत्स्यशेतीत सायप्रिनस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशाचा जवळचा आप्त. जपानमधील नीईगाता प्रांतात यामाकोशी नावाचा डोंगराळ, प्रचंड बर्फ पडणारा मुलूख आहे. तेथील भातशेतकरी हिवाळ्यातील अन्नासाठी तळ्यांत कार्प पाळीत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यात काही रंगीत पिल्ले आढळली. शेतकऱ्यांनी ती वेगळी राखून त्यांची वीण वाढवली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि जपानभर त्यांचे नाव झाले. जपानी भाषेत त्यांना निशिकिगोई, म्हणजे जरीवस्त्रासारखे कार्प, असे म्हणतात. २३ ऑक्टोबर २००४ च्या भूकंपात यामाकोशीची तळी फुटली आणि सारे गाव सोडावे लागले. पुढे लोक परतले, तळी पुन्हा बांधली गेली. या माशामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा धीर आहे, आणि मला तर पंधरा दिवसांचाही धीर धरवला नाही.

तळे फाल्गुनात बांधून झाले. गुढीपाडव्याला नानांना मासे दाखवायचे, असे मी मनाशी ठरवले होते. सिमेंट वाळताच नळाचे पाणी भरले, दोन दिवसांनी पाच कोई आणून सोडले. नाना खुर्ची उचलून अंगणात येऊन बसले. चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. दहाव्या दिवशी एकही उरला नाही. शेवटचा मासा जाळीने काढताना नाना शांतपणे म्हणाले, "घाई त्यांना नव्हती रे." आणि ते खुर्ची घेऊन आत गेले.

काय घडले, ते मला नंतर उमगले. आणि वैद्यकाचा विद्यार्थी म्हणून ते आधीच उमगायला हवे होते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. जुन्या तळ्यात काही जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. नव्या तळ्यात हे जिवाणू जवळजवळ नसतातच. फिल्टरमधील जाळ्यांवर आणि दगडांवर त्यांची वस्ती होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यातच नव्या सिमेंटमधील चुना पाण्याचा सामू वाढवतो, आणि सामू जितका जास्त, तितका अमोनिया अधिक विषारी. नायट्राइट तर माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन करते. मग रक्त तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू असूनही तो शरीराला मिळत नाही. नायट्रेट अधिक असलेल्या विहिरीचे पाणी दुधात मिसळून पाजल्यास तान्ही बाळे निळी पडतात, हे मी पुस्तकात शिकलो होतो. माझ्या अंगणात तेच घडत होते आणि मी त्यांना आणखी खाद्य टाकत होतो.

म्हणून आपण तळे करणार असाल, तर क्रम ध्यानात ठेवा.

तळे किमान साडेतीन-चार फूट खोल असावे; उथळ पाणी आपल्या वैशाखात पटकन तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. निम्म्या तळ्यावर तरी सावली हवी. लांबी, रुंदी आणि खोली मीटरमध्ये मोजून गुणाकार करा व त्यास हजाराने गुणा, म्हणजे लिटर मिळतात. ३ × २ × १.२ मीटरचे तळे ७,२०० लिटरचे होते. प्रत्येक मोठ्या कोईसाठी हजार लिटर धरा. दुकानातील बोटभर पिल्लू पुढे दोन फुटांचे होते.

सिमेंट असल्यास पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारा लेप द्या, पाणी अनेकदा भरून सोडून द्या आणि सामू साडेआठच्या खाली स्थिरावल्याची खात्री करा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारते. ते सोडियम थायोसल्फेटने घालवता येते. मग पंप आणि फिल्टर अहोरात्र चालू ठेवा. या प्रतीक्षेच्या काळात कोई नकोत. पाच-सहा गप्पी मासे पुरेत. त्यांच्यापासून जिवाणूंना थोडे खाद्य मिळते, आणि डेंग्यूच्या डासांच्या अळ्याही ते खातात. साचलेल्या पाण्यात डासाची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते, हे विसरू नका. अमोनिया व नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसले, म्हणजे तळे तयार झाले.

मासा निवडताना रंगाआधी त्याची चाल पाहा. पर मिटून कोपऱ्यात थांबलेला, अंग घासणारा किंवा धापा टाकणारा मासा घेऊ नये. त्याच टाकीतील दुसराही घेऊ नये. घरी आणल्यावर बंद पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्या, मग मासा सोडा. पिशवीतील पाणी तळ्यात ओतू नका. एकाच वेळी दोनच आणा. पुढे येणाऱ्या प्रत्येक माशाला तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. कोईला जठर नसते, म्हणून खाद्य थोडे थोडे, काही मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. नकोसा झालेला मासा नदीत मात्र कधीही सोडू नये.

घरच्यांची काळजीही तितकीच महत्त्वाची. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. कठडा किंवा भक्कम जाळी हवीच. पंपाच्या वीजजोडणीला गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवा. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा. माशांच्या पाण्यातील काही जंतूंमुळे त्वचेवर दीर्घकाळ न भरणाऱ्या गाठी येतात. अशी गाठ आल्यास डॉक्टरांना तळ्याविषयी अवश्य सांगा.

मी हे सारे दुसऱ्या खेपेस केले. त्या आठवड्यांत माझी मुलगी रोज पाणी तपासून आकडे वहीत लिही आणि नानांना वाचून दाखवी. आरंभी ते नुसते ऐकत. तिसऱ्या आठवड्यात स्वतःच विचारू लागले, "आज नायट्राइट किती?" खुर्ची पुन्हा अंगणात आली, तीही एकही कोई नसलेल्या तळ्याकाठी.

मृगाच्या पहिल्या सरींनंतर आम्ही दोन मासे आणले. सोडण्यापूर्वी नानांनी विचारले, "हे जगतात किती?"

"नीट सांभाळले तर पंचवीस-तीस वर्षे."

ते थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी नातीच्या हातातील वही मागून घेतली, पहिल्या पानावर तिचे नाव लिहिले आणि वही तिला परत दिली. "आता सोड," ते म्हणाले.