आधी चिठ्ठी, मग बिस्किट

पोटात चिठ्ठी असलेले बिस्किट आपण कधी खाल्ले आहे काय? अमेरिकेतील चिनी उपाहारगृहांत जेवण आटोपल्यावर ते पुढ्यात ठेवतात. 'फॉर्च्यून कुकी' हे त्याचे नाव. मोडावे, आतले भविष्य वाचावे आणि हसत उठावे, एवढेच त्याचे प्रयोजन.

गेल्या दिवाळीत आमची कन्या दोन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोहून इंदूरला घरी आली, तेव्हा ही बिस्किटे आमच्या स्वयंपाकघरात झाली. "हे पक्वान्न चिनी का ग?" असे मी विचारताच ती हसली. मूळ जपानचे, असे तिने सांगितले. क्योतो शहरात फुशिमी इनारी देवस्थानाच्या परिसरात तीळ व मिसो घातलेली अशी बिस्किटे भाजतात. १८७८ सालच्या एका पुस्तकात ती भाजणाऱ्याचे चित्रही आहे. तेथे चिठ्ठी बाहेरच्या घडीत खोचतात. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी लोकांनी ती कॅलिफोर्नियात नेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट उद्यानातील जपानी चहाबागेत माकोतो हागिवारा ती पाहुण्यांस देत. पुढे १९४२ साली युद्धामुळे पश्चिम किनाऱ्यावरील जपानी कुटुंबांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले, आणि हा धंदा बहुतांशी चिनी कारखानदारांच्या हाती गेला.

कृती सोपी आहे. दोन अंड्यांतील पांढरा भाग, ८० ग्रॅम पिठीसाखर, ६० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम वितळवलेले लोणी, चिमूटभर मीठ व व्हॅनिलाचे चार थेंब एकत्र फेटावे. लोणी लावलेल्या ट्रेवर चमचाभर पीठ आठ सेंटिमीटर रुंदीच्या चकतीएवढे पातळ पसरावे आणि १८० अंशांवर कडा तांबूस होईपर्यंत, म्हणजे सुमारे आठ मिनिटे, भाजावे. एका वेळी दोनच चकत्या कराव्या, कारण ओव्हनमधून काढल्यावर त्या दहा-बारा सेकंदच मऊ राहतात. तेवढ्यात मध्ये चिठ्ठी ठेवून चकती दुमडावी, घडीचा मध्य पेल्याच्या काठावर दाबावा व दोन्ही टोके खाली वळवावी. निवेपर्यंत लहान वाटीत ठेवली म्हणजे उलगडत नाही. माझ्या पहिल्या चार चकत्यांचे तुकडेच झाले. चिठ्ठीवर काय लिहावे, याचा विचार करीत मी उभी होते!

तेव्हा मुलीने दंडक घातला : आधी चिठ्ठ्या, मग ओव्हन. अंडे न खाणाऱ्या सासूबाईंनीही चिठ्ठी लिहिली. राहिले फक्त हे. मुलीने परदेशी जाऊ नये, असे यांचे मत होते. आणि दोन वर्षे फोनवरचे यांचे बोलणे 'पैसे पोचले काय?' यापलीकडे गेले नव्हते. "मला काही सुचत नाही," म्हणून हे बाहेर गेले. परंतु पीठ संपता संपता यांनी एक चिठ्ठी आणून मुकाट्याने माझ्या हातावर ठेवली.

सारी बिस्किटे एका परातीत मिसळली होती. यांची चिठ्ठी आली नेमकी सासूबाईंच्या वाट्याला. त्यांनी बिस्किट मोडून नातीच्या हाती दिले आणि चष्मा लावून मोठ्याने वाचले, "तुझी सायकल विकलेली नाही. दर रविवारी हवा भरतो."

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, उद्या मंडईत मी सायकलनेच जाईन."

"ब्रेक तेवढे तपासून घे," हे म्हणाले. त्या रात्री दोघे बराच वेळ ओसरीवर बोलत बसले होते.

वाचकहो, ही बिस्किटे आपल्या घरी जरूर करून पाहा. मापे थोडी चुकली तरी चालेल. चिठ्ठ्या मात्र आधी लिहून ठेवा. चकती मऊ असते तो वेळ फार थोडा असतो.