भिंतीची ओल आणि कायद्याची मुदत

हक्क बजावण्यासाठी कायद्याने आखून दिलेल्या काळाला मुदत म्हणतात, आणि १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ३ नुसार, कायद्यातील अपवाद वगळता, प्रतिपक्षाने हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य दावा न्यायालयाला फेटाळावाच लागतो. बांधकामातील दोष सावकाश उघडे पडतात, म्हणून घर घेणाऱ्याला ही अट विशेष जाचते. 'रेरा' या नावाने परिचित असलेल्या २०१६ च्या अधिनियमातील कलम १४(३) प्रमाणे, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत दोष विकासकाच्या निदर्शनास आणल्यास त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. न केल्यास घरधारक भरपाईस पात्र ठरतो.

प्रस्तुत लेखकाला पुण्यातील सदनिकेचा ताबा जून २०१८ मध्ये मिळाला. २०२१ च्या पावसाळ्यात खिडकीखालच्या भिंतीवर ओल उमटली, रंगाचे पापुद्रे सुटले आणि बोट लावताच गिलाव्याची पूड हाताला येऊ लागली. विकासकाचा माणूस दरवर्षी पुट्टी भरून जाई आणि 'पावसाळा संपू द्या, मग बघू' असे सांगे. अखेर एप्रिल २०२३ मध्ये लेखकाने छायाचित्रांसह तक्रार रजिस्टर पोस्टाने पाठवली व पोचपावती जपून ठेवली. त्यानंतर बाहेरच्या भिंतीतील भेग भरली गेली. वरच्या मजल्यावरील निवृत्त शिक्षिकेच्या घरात तीच भेग पुढे गेली होती, ताबाही त्याच महिन्यातला होता. त्यांनीही दोन वर्षे दूरध्वनी केले होते, परंतु पत्र ऑगस्टमध्ये लिहिले, आणि मुदत संपल्याचे उत्तर त्यांच्या हाती पडले. कलमात लेखी कळवण्याची सक्ती नाही. तरीही आधीचे बोलणे सिद्ध करण्यास त्यांच्यापाशी कागद नव्हता.

शिवाय ही ५ वर्षे दोष कळवण्याची आहेत, दाद मागण्याची मुदत वेगळी मोजली जाते: ग्राहक आयोगापुढील तक्रार, २०१९ च्या कायद्यानुसार, वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षांत दाखल करावी लागते, आणि उशीर झाल्यास त्याचे पुरेसे कारण दाखवावे लागते. विश्वासाने थांबणाऱ्या माणसाचे नुकसान व्हावे, ही गोष्ट मनाला लागते. म्हणूनच ताबापत्रावरील तारीख घरात प्रत्येकाला ठाऊक असावी आणि ओलीचा पहिला डाग दिसताच, आश्वासनाची वाट न पाहता, पत्र लिहिले जावे.