मंद्र सप्तकातील पोलाद

ब्लॅक सॅबथ या इंग्रज बँडशी माझा परिचय जुना असला, तरी त्या परिचयाचे स्नेहात आणि स्नेहाचे अनुरागात रूपांतर व्हावयास आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडला, आणि तो तसा पडला याचा मला संतोष वाटतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भोसरीतील एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी उमेदवार म्हणून रुजू झालो, तेव्हा शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, मूळच्या वसईच्या सहकाऱ्याने 'पॅरानॉइड'ची कॅसेट माझ्या हाती ठेवली. आमच्या घरी श्रवणाचा संस्कार होता तो किराणा घराण्याच्या गायकीचा. त्यामुळे ही कॅसेट मी आदराने ऐकली, आदराने परत केली, आणि तरीही तिच्यातील एक संथ, जड ठेका कानांत उरला.

त्या ठेक्याची ओळख मला पटली ती आमच्या प्रेस शॉपमध्ये. पॉवर प्रेसचा पंच खाली आला की पायाखालची फरशी हादरे, पत्र्याचा तुकडा डायमधून सुटून पडे, आणि पुढचा आघात यावयाच्या आधी एक क्षणभर अवकाश राही. तेथील एका वयस्क कामगाराची उजव्या हाताची दोन बोटे पहिल्या पेरापाशीच संपलेली होती. सारे त्यांना मामा म्हणत. चहाचा ग्लास ते अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरीत, आणि पत्रा सरकवताना तळव्याच्या कडेचा असा उपयोग करीत की पाहणाऱ्यास उणीव जाणवू नये. "साहेब, हात आपली वाट काढतो," असे ते एकदा मला सहज म्हणाले.

पुढे ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याचा वृत्तान्त वाचनात आला, तेव्हा मला मामांची आठवण होणे अपरिहार्य होते. बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, दुपारी घरी जेवावयास आलेला हा मुलगा परत जाण्यास नाखूश होता. आईच्या आग्रहाने तो गेला, आणि प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे तुटली. डावखुरा असल्यामुळे तारा दाबावयाचा हात नेमका तोच. निराश झालेल्या त्या मुलाला कारखान्याच्या व्यवस्थापकाने जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकविली, आणि आगीत हाताची दोन बोटे अधू झालेला हा गिटारवादक उरलेल्या बोटांनी काय करतो ते दाखवून दिले. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चढविले, हलक्या तारा लावल्या. आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त काही गाण्यांपुरती गिटार दीड स्वर खाली उतरविली, जेणेकरून तारा सैल व्हाव्यात आणि नाद मंद्रात जावा.

माझ्या कानाला या संगीताचे दार उघडले ते येथेच. आयोमी बहुधा षड्ज आणि पंचम एवढेच एकत्र छेडतो. गांधार त्यात नसतोच, म्हणून तो नाद प्रसन्नही ठरत नाही आणि खिन्नही. तंबोऱ्याखाली वाढलेल्या माणसाला ही रिकामी जागा परकी कशी वाटावी? १९७० च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील पहिल्याच गाण्यात, पाऊस आणि घंटा ऐकू आल्यावर, षड्ज, तार षड्ज आणि मग तीव्र मध्यम असे तीन स्वर येतात. पाश्चात्त्य परंपरेत षड्जापासूनचे हे अंतर सैतानाच्या नावाने ओळखले जाते. मी मात्र तीव्र मध्यमाशी भीमसेनांच्या पूरिया धनाश्रीतून परिचित झालो होतो. तो माझ्यासाठी सायंकाळचा, दिवे लागणीचा स्वर होता, आणि बर्मिंगहॅममधील ॲस्टन या बँडच्या जन्मस्थानाच्या धुरकट आसमंतातही तो सायंकाळचाच वाटला.

इतर तिघांकडे लक्ष जावयास आणखी काळ जावा लागला. ऑझी ऑस्बोर्न अनेकदा गिटारच्या धुनेवरच गातो, गीझर बटलरचा बास तिला खालून भरीवपणा देतो, हे क्रमाक्रमाने उमगले. १९७९ मध्ये ऑझी बाहेर पडल्यावर आलेल्या रॉनी जेम्स डिओचा आवाज निःसंशय अधिक कसलेला होता, आणि 'हेवन अँड हेल' मी आवडीने ऐकतो. तथापि माझा कौल मूळ चौघांकडेच आहे, व त्याचे कारण बिल वॉर्ड. जॅझवर पोसलेला हा ड्रमवादक पोलादी आघातांच्या मधल्या जागेत झुलतो, आणि म्हणूनच ते आघात यांत्रिक होत नाहीत.

५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर हे चौघे २००५ नंतर प्रथमच एकत्र आले. पुण्यात रात्र सरत आली असताना मी संगणकासमोर बसलो होतो. कंपवाताने जर्जर ऑझी सिंहासनावर बसून गात होता. 'वॉर पिग्ज' सुरू झाले, आणि सत्त्याहत्तर वर्षांचा वॉर्ड उघड्या अंगाने वाजवू लागला. त्याचे हात पूर्वीइतके चपळ नव्हते, पण झुलणे तेच होते, आणि माझे डोळे भरून आले. त्याच महिन्याच्या २२ तारखेला ऑझी गेला.

आता ऑफिसातील तरुण मंडळी मला आरंभ कोठून करावा असे विचारतात, तेव्हा मी 'मास्टर ऑफ रिॲलिटी' सुचवितो, आणि पहिल्या ऐकण्यात केवळ बटलरच्या बासवर कान ठेवा, एवढीच विनंती करतो.