जायंट मशीनची कंबर

१९८६ सालच्या मध्यावर अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या) टीव्हीवर एक नवी टीम आली. नाव 'द मशीन्स'. सगळ्यांच्या तोंडावर मुखवटे. 'आम्ही जपानहून आलोय,' असं ते सांगायचे. त्यांच्यातला एक 'जायंट मशीन'. डोंगराएवढा देह, आवाज आडातून आल्यासारखा, इंग्रजीला फ्रेंच वळण. हा आंद्रे द जायंट आहे हे शेवटच्या रांगेतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. आंद्रेची उंची सात फूट चार इंच अशी जाहीर केली जायची. एवढ्या माणसाचं तोंड झाकून काय लपणार?

पण गोष्ट अशी रचली होती की आंद्रेवर बंदी आहे. तो एका ठरलेल्या लढतीला आलाच नाही, म्हणून ही शिक्षा. आणि जायंट मशीन म्हणजेच आंद्रे हे कुणी सिद्ध केलं, तर आंद्रे कायमचा बाहेर. बाकीचे दोघंही नवखे नव्हते. 'सुपर मशीन' म्हणजे बिल ईडी. हा त्याआधी 'मास्क्ड सुपरस्टार' म्हणून लढलेला, म्हणजे मुखवट्यात मुरलेला गडी. 'बिग मशीन' म्हणजे ब्लॅकजॅक मलिगन. मूळ कल्पना जपानी होती. न्यू जपान प्रो-रेसलिंगमध्ये १९८४पासून एकसारखे मुखवटे घातलेली 'मशीन' मंडळी होती आणि त्यांना पुढे घालणारा वाकामात्सू नावाचा मॅनेजर होता.

आपल्याकडच्या कुस्तीत मॅनेजर नसतो, वस्ताद असतो. वस्ताद तालमीत बोलतो, मैदानात बहुधा गप्प राहतो. प्रो-रेसलिंगचा मॅनेजर बरोबर उलटा. तो डाव शिकवत नाही, तो पैलवानाच्या वतीने बोलतो. मशीन्सच्या वतीने बोलायला कॅप्टन लू अल्बानो होता. विस्कटलेली दाढी, शर्टाची बटणं उघडी, गालाला सेफ्टी पिनने अडकवलेले रबरबँड. सिंडी लॉपरच्या गाण्याच्या व्हिडिओत तिचा बाप झालेला तोच हा. पुढे १९८९मध्ये तो टीव्हीवर मारिओही झाला. मशीन्स कोण आहेत असं विचारलं की हा गृहस्थ चेहऱ्यावरची रेघही न हलवता जपानचं नाव सांगणार.

समोर होता बॉबी हीनन. किंग काँग बंडी आणि बिग जॉन स्टड या दोन अगडबंब पैलवानांचा मॅनेजर. जिभेला धार अशी की लोक त्याला शिव्या घालत घालत हसायचे. 'अहो, हा आंद्रे आहे, तुम्हाला दिसत नाही का?' असा त्याचा महिनोन्‌महिने धोशा. कुणी ऐकेना. ऑगस्ट १९८६मध्ये टोरांटोच्या उघड्या स्टेडियमवर, ६०,०००हून अधिक लोकांसमोर, दोन्ही मॅनेजर आपापल्या पैलवानांबरोबर स्वतः रिंगमध्ये उतरले.

माझ्या पिढीने डब्ल्यूडब्ल्यूई पाहिलं ते टेन स्पोर्ट्सवर. शाळेत ट्रम्प कार्डं खेळलो, चादरीवर एकमेकांना आपटलं. आंद्रे आमच्यासाठी इतिहासजमा होता. मशीन्स मला भेटले ते नोकरी लागल्यावर. रात्रीचं रिलीज असायचं, डिप्लॉयमेंट चालू असताना मी यूट्यूबवर जुन्या लढती बघत बसायचो. माझं काम लॉगिनचं. समोरचा माणूस म्हणतोय तोच आहे का, हे तपासणारं कोड मी लिहितो. त्यामुळे या प्रकरणाने मला धरूनच ठेवलं. आमच्या सिस्टिममध्ये ओळख पटली की दार उघडतं, नाही पटली की बंद. इथे ओळख सगळ्यांना पटलेली आणि तरी सगळे मिळून म्हणतायत, पटली नाही. या सगळ्या खेळात खरं बोलणारा एकच माणूस होता, आणि तोच खलनायक.

हे आपल्याला अगदी परकं नाही. आमच्या गावात बहुरूपी यायचा, पोलिसाच्या वेशात. शिट्टी फुंकून म्हणायचा, 'चला, वॉरंट आहे तुमच्या नावाचं.' आजी हात जोडून म्हणायची, 'साहेब, या खेपेला सोडा.' मग सुपातून धान्य यायचं. त्या वेळी कुणी 'हा पोलीस नाही' असं ओरडलं असतं तर ते खरंच होतं. पण त्यालाच लोकांनी वेड्यात काढलं असतं.

एवढं समजलं आणि मला वाटलं, मशीन्सचा विनोद आपल्याला कळला. तो पुरता कळला नव्हता, हे आजोबांमुळे लक्षात आलं.

आजोबा सांगलीकडचे, तरुणपणी लाल मातीत खेळलेले. कान चिरगुटासारखे चुरगळलेले. टीव्हीवरच्या कुस्तीला ते नुरा कुस्ती म्हणायचे आणि उठून जायचे. एकदा सुट्टीत मी गंमत म्हणून त्यांना फोनवर जायंट मशीन दाखवला. म्हटलं, हा कोण असेल ते कुणालाच ओळखता येत नव्हतं. आजोबांनी मुखवट्याकडे पाहिलंच नाही. थोडा वेळ बघून म्हणाले, "ह्यो दोरीला सारखा कशापायी धरतोय रं?" आणि मग, "ह्येची कंबर गेलीया."

मी नंतर वाचत गेलो. आंद्रेला अ‍ॅक्रोमेगाली होती. पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक जास्त सुटतं आणि मोठेपणीही हाडं जाड होत राहतात. ज्या आजाराने त्याला 'जायंट' केलं तोच आजार त्याचे सांधे आणि पाठ खात होता. तो तेव्हा फक्त चाळीस वर्षांचा होता. त्याच सुमारास पाठीची शस्त्रक्रिया आणि इंग्लंडमध्ये 'द प्रिन्सेस ब्राइड'चं शूटिंग. त्या सिनेमात नायिकेला झेलायचं होतं, तर तिचं वजन त्याला पेलवेना म्हणून तिला तारांनी तोलून धरावं लागलं. बंदीची गोष्ट याच्यावर बेतलेली होती. टीममध्ये तीन माणसं कशाला, हेही मग कळलं. कुस्तीचा भार ईडी आणि मलिगन उचलायचे आणि जायंट मशीन बहुतेक वेळ नुसता उभा असायचा. तोंडाला मुखवटा होता, पण झाकलेली कंबर होती. अल्बानोची अखंड बडबड, तिघांचे सारखे मुखवटे, लोकांचं कौतुकाने अनभिज्ञ राहणं, हे सगळं त्या कंबरेभोवती धरलेलं आडोशाचं कापड होतं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. माझ्या मते धडधाकटपणाचंही एकट्याने आणता येत नाही. त्याला आजूबाजूची माणसं लागतात.

पुढची गोष्ट तुम्हाला कदाचित ठाऊक असेल. १९८७च्या सुरुवातीला बंदी उठलेला आंद्रे मुखवट्याशिवाय आला तो थेट हल्क होगनच्या विरोधात. आणि त्याचा मॅनेजर कोण, तर बॉबी हीनन! २९ मार्चला रेसलमेनिया ३, जाहीर केलेली गर्दी ९३,१७३. आंद्रेने एका खांद्याचा काळा पोशाख घातला होता, आत कंबरेला आधाराचा पट्टा. होगनने त्याला उचलून आपटलं ते दृश्य हजार वेळा दाखवलं जातं. मी आता त्याच्या आधीची मिनिटं बघतो. ज्याने महिनोन्‌महिने 'हा आंद्रेच' म्हणून बोंब मारली तो हीनन कडेला उभा राहून इतका नाचतो, ओरडतो, की लोकांची नजर अवघडलेल्या आंद्रेवरून पुन्हापुन्हा त्याच्याकडे जाते. मला वाटतं, आजवरचा खरा मुखवटा तो होता.

आंद्रे जानेवारी १९९३मध्ये पॅरिसमध्ये गेला, वडिलांच्या अंत्यविधीसाठी गेला असताना. वय ४६. हीननला २००२मध्ये घशाचा कॅन्सर झाला आणि सगळ्यांच्या वतीने बोलणाऱ्या माणसाचं बोलणंच समजेनासं झालं. मलिगनचा नातू ब्रे वायट 'द फीन्ड' म्हणून मुखवटा घालून आमच्या डोळ्यांदेखत गाजला आणि २०२३मध्ये ३६व्या वर्षी गेला.

आमच्या जत्रेत पंच मैदानात उभे राहायचे. आजोबांचे गुडघे गेल्यावर एका वर्षी तालमीतल्या पोरांनी तीन खुर्च्या आणून मांडल्या. हलगी वाजत होती. आजोबा चिडून म्हणाले, खुर्च्या कुणासाठी? एक पोरगा म्हणाला, "आण्णा, कमिटीचा नवा नियम हाय. पंचांनी बसायचंच." असा कुठलाही नियम नव्हता हे सगळ्या फडाला माहीत होतं. आजोबांनाही असणार. बाकीचे दोन पंच धडधाकट होते, ते आधी बसले. मग आजोबा पुटपुटत बसले. आजोबा आता नाहीत, पण खुर्च्या दर वर्षी मांडतात.