मानवेल तो व्यवसाय

परवां आम्ही अंजनीच्या कांठीं फिरावयास निघालों असतां शेजारच्या मुलानें आम्हांस गांठलें व विचारलें, "काका, मी काय होऊं?" बारावीचा निकाल नुकताच लागलेला. वडिलांचें म्हणणें इंजिनिअर, मामांचें म्हणणें सरकारी नोकरी. मुलगा आपला दोघांच्या मध्यें मुकाट. एरंडोलसारख्या गांवीं हा प्रश्न नवा नाहीं. वेचणीस आलेला कापूस एका अवकाळी पावसानें काळवंडलेला ज्या बापानें पाहिला आहे, त्यास महिन्याच्या महिन्यास येणारा पगार देवासारखा वाटावा, यांत नवल तें काय?

आम्हीं लगेच उत्तर दिलें नाहीं, त्यास कारण आहे. सात वर्षांमागें ह्याच्याच थोरल्या भावानें हाच प्रश्न केला असतां आम्हीं मोठ्या शहाणपणाच्या आवाजांत सांगितलें होतें, "मिळते ती नोकरी धर, आवड मागाहून लागते." विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्यांत त्या मुलाचा हात असा बसलेला, कीं शेजारपाजारचे शेतकरी त्यासच बोलावीत. आमच्या शब्दाखातर तो पुण्यास एका कचेरींत लेखनिक झाला. पगार वेळेवर येतो. पण दिवाळीस घरीं आला म्हणजे आपल्या कामाविषयीं तो अवाक्षर काढीत नाहीं. नजरानजर झाली कीं तो खालीं पाहतो, आणि आम्हीही.

अमळनेर येथून फार दूर नाहीं. पांडुरंग सदाशिव साने तेथें प्रथम आले ते तत्त्वज्ञान मंदिरांत अभ्यासासाठीं. तत्त्वज्ञान हा त्यांच्या आवडीचाच विषय; त्यांतच ते एम. ए. झाले. तरी त्या जागीं त्यांचें मन रमलें नाहीं. १९२४ सालीं ते तेथील हायस्कुलांत शिक्षक झाले. पुढें छात्रालय त्यांजकडे आलें, आणि मुलांचीं अंथरुणें आवरतां आवरतां त्यांस आपलें काम सांपडलें. १९३० सालीं सत्याग्रहासाठीं त्यांनीं नोकरी सोडली. शिक्षकपण मात्र सुटलें नाहीं. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें त्यांनीं उतरून घेतलीं, आणि १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली, तीही मुलांस रात्रीं गोष्ट सांगावी तशी.

यावरून आम्हांस इतकेंच दिसतें, कीं विषय आवडणें आणि व्यवसाय मानवणें या गोष्टी भिन्न आहेत. विषय पुस्तकांतून आवडतो. व्यवसाय मानवतो कीं नाहीं, हें त्याला हात लावल्यावांचून कळत नाहीं. शिवाय पहिली निवड चुकली म्हणजे जन्म चुकला, असेंही नाहीं. सानेगुरुजींचीही पहिली जागा त्यांची नव्हती.

म्हणून त्या मुलास आम्हीं म्हटलें, "काय होऊं, हें आज ठरवूं नकोस. सुटींत कांहीं दिवस बांधकामावर जा, कांहीं दिवस कचेरींत बस. रात्रीं जेवतांना कोणत्या कामाविषयीं तूं आपण होऊन बोलतोस, तें आम्हांस येऊन सांग." वडिलांची समजूत घालण्याचें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें.

त्याच रात्रीं त्याच्या थोरल्या भावास पत्र लिहिलें. सात वर्षांपूर्वींचा आपला सल्ला चुकला, हें लिहावयास एकच ओळ लागली. पण ती सुचावयास सात वर्षें लागलीं, याची लाज वाटते.