तीन गोल पाहिले, दोनच धरले

३० जून २०२४ च्या संध्याकाळी जर्मनीतल्या गेल्सेनकिर्शेन शहरात इंग्लंडनं स्लोव्हाकियाला २-१ असं हरवलं आणि फुटबॉलच्या युरो स्पर्धेच्या शेवटच्या आठांत जागा मिळवली. गोल तीन झाले : स्लोव्हाकियाच्या श्रांत्सचा एक, इंग्लंडच्या बेलिंगहॅमचा एक आणि केनचा एक. तिन्ही मी पाहिले. ‘या सामन्यात तीनपेक्षा कमी गोल होतील’ यावर माझ्या मुलानं, माझ्याच सांगण्यावरून, दहा पौंड लावले होते. आणि आम्ही जिंकलो! सट्ट्याच्या बाजाराच्या हिशेबात त्या संध्याकाळी दोनच गोल झाले होते, आणि इंग्लंड जिंकलंच नव्हतं, सामना बरोबरीत सुटला होता. हे कसं, ते समजून घ्यायला मला वेळ लागला. ते इथं सांगते आहे, कारण हा प्रकार आता आपल्याकडच्या मुलांच्या फोनवरही येऊन पोचलेला आहे.

मी परळच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. त्या उन्हाळ्यात मुलाकडे इंग्लंडमध्ये, रेडिंगला होते. फुटबॉल मला कळतो तो चार वर्षांनी विश्वचषक आला की घरात टीव्ही चालू असतो तेवढाच. सट्टा मात्र मी जवळून पाहिलेला आहे. माझे थोरले काका गिरणीत होते. पगाराच्या दिवशी काकू चाळीच्या जिन्यात उभी राहायची, कारण पाकीट घरी यायच्या आधी मटक्याच्या ओपन-क्लोजच्या आकड्यावर गेलेलं असायचं. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर सुरू झालेला तो खेळ पुढं मडक्यातून चिठ्ठी काढण्यावर आला आणि मुंबईतल्या कितीतरी घरांची धूळधाण करून गेला. त्यामुळे मुलानं लॅपटॉप उघडून ‘आई, हे बघ, गोलांचा बाजार’ म्हटलं तेव्हा मी पहिल्यांदा म्हणाले, ‘बंद कर ते.’

‘तू पैशाकडे बघू नकोस, आकड्यांकडे बघ,’ तो म्हणाला. ‘तू गणिताची बाई आहेस.’

मी बघायला बसले. इंग्लंडमध्ये हे कायदेशीर आहे. २००५च्या जुगार कायद्याखाली परवाना घेऊन चालतं, अठरा वर्षांखालच्यांना बंदी आहे. मुलाचं खातं होतं तो बाजार नेहमीच्या बुकीसारखा नव्हता. तिथं बुकी समोर नसतोच. एक माणूस ‘असं होईल’ म्हणून लावतो, दुसरा कुणीतरी अनोळखी माणूस ते खातो, आणि बाजार दोघांची गाठ घालून देऊन जिंकणाऱ्याच्या नफ्यातून कमिशन कापतो. लावणारा आणि खाणारा हे शब्द मला चाळीपासून माहीत होते. नवं होतं ते इतकंच, की दोघंही सामान्य गिऱ्हाईक, आणि भाव त्यांच्या ओढाताणीतून ठरतो. अशी देवघेव २००० साली लंडनच्या बेटफेअरनं मोठ्या प्रमाणावर रुळवली. अमेरिकेत आज ज्याला प्रेडिक्शन मार्केट म्हणतात ते मुळात हेच. फक्त तिथं ‘होय’ची चिठ्ठी शून्य ते शंभर सेंटमध्ये विकतात, आणि गोष्ट खरी ठरली तर तिचे शंभर सेंट मिळतात. साठ सेंट भाव म्हणजे लोकांच्या मते साठ टक्के शक्यता. मुलाच्या बाजारात भाव दशांशात मांडतात. भाव १.६० असेल तर शंभराला १.६० नं भागायचं, साडेबासष्ट टक्के येतात. एवढं मला लगेच पटलं.

पटलं नाही ते ‘अडीच गोल’. पडद्यावर ‘२.५ पेक्षा जास्त’ आणि ‘२.५ पेक्षा कमी’ असे दोनच रकाने होते. अर्धा गोल कुणी कधी मारलेला नाही. मुलानं सांगितलं, अर्धा मुद्दाम ठेवतात, म्हणजे बरोबर रेषेवर काही पडत नाही आणि कुणाचे पैसे परत करायची वेळ येत नाही. दोन झाले तर कमी, तीन झाले तर जास्त.

मग मी वही घेतली. बी.एस्सी.ला आम्हाला पॉयसाँचं वितरण शिकवलं होतं. त्याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ बसून मेलेले सैनिक. बोर्टकिएविझनं १८९८ साली ते मांडलं. क्वचित घडणारी, एकमेकींशी फारसा संबंध नसलेली घटना ठरावीक काळात किती वेळा घडेल, याचं हे गणित. गोलही क्वचितच होतात. १९८२ साली माहर यांनी आणि १९९७ साली लँकेस्टरच्या डिक्सन व कोल्स यांनी याच पायावर फुटबॉलच्या निकालांची प्रतिरूपं उभी केली, हे मुलानं मला वाचायला दिलं. वाचताना अंगावर काटा आला. आयुष्यभर मी मुलांना ‘याचा उपयोग काय’ या प्रश्नाचं उत्तर देत आले, आणि हे उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

त्या युरोच्या साखळी फेरीत ३६ सामन्यांत ८१ गोल झाले होते, म्हणजे सामन्याला सव्वादोन. ही सरासरी घातली तर एकही गोल न होण्याची शक्यता साधारण साडेदहा टक्के येते, एकाची पावणेचोवीस, दोनाची पावणेसत्तावीस. बेरीज एकसष्टच्या आसपास. शिवाय इंग्लंडचे साखळीतले सामने कसे झाले होते? सर्बियाशी १-०, डेन्मार्कशी १-१, स्लोव्हेनियाशी ०-०. तीन सामन्यांत दोन्ही बाजूंचे मिळून तीन गोल. मी म्हणाले, ‘कमी.’ त्यानं दहा पौंड लावले. सट्टा न लावण्याचा, घरात वर्षानुवर्षं पाळलेला नेम त्या क्षणी मोडला होता, आणि ते मला जाणवत होतं.

सामना सुरू झाला आणि माझं लक्ष मैदानापेक्षा आकड्यावर खिळलं. गोल न होता जाणारं प्रत्येक मिनिट ‘कमी’ची शक्यता वाढवत होतं. खेळाडू नुसते चेंडू इकडून तिकडे ढकलत असले तरी आकडा सरकत होता. माझ्या वहीप्रमाणे चोविसाव्या मिनिटाला ती शक्यता सत्याहत्तर टक्क्यांवर यायला हवी होती. पंचविसाव्या मिनिटाला स्ट्रेलेत्सच्या पासवर इव्हान श्रांत्सनं गोल केला आणि माझ्या वहीत ती एकदम बावन्नवर आली. पडद्यावर तर काही क्षण आकडेच नव्हते. बाजार गोठवला होता.

हे गोठणं मला सगळ्यात गूढ वाटलं. गोल झाला, पेनल्टी मिळाली किंवा पंच व्हिडिओ बघायला लागले की व्यवहार थांबवतात, आणि ज्यांना समोर खाणारा मिळालेला नाही ते सौदे रद्द होतात. पण आमच्या टीव्हीवरचं चित्र मैदानाच्या काही सेकंद मागं होतं. त्यामुळे पडदा आधी गोठायचा आणि गोल नंतर दिसायचा. उत्तरार्धाच्या सुरुवातीला पडदा गोठला, मग टीव्हीवर इंग्लंडच्या फोडेननं गोल केला, सगळे ओरडले, आणि तो ऑफसाइड म्हणून रद्द झाला. पैसे लावून बसलेला प्रत्येक माणूस त्या काही सेकंदांत आंधळा असतो, आणि ज्याच्याकडे आधी बातमी पोचते तो डोळस. खेळ सुरू असताना लावलेला सौदा काही सेकंद थांबवूनच स्वीकारतात, तो याच कारणानं. तरी ही दरी पुरती बुजते असं मला वाटत नाही.

मध्यंतराला माझी वही एकोणसत्तर टक्के सांगत होती. पडद्यावरचा आकडा त्याहून थोडा खाली होता, आणि पुढंही तो सतत थोडा खालीच राहिला. मुलानं कारण सांगितलं : उत्तरार्धात पूर्वार्धापेक्षा जास्त गोल होतात. पाय थकतात, पिछाडीवरचा संघ सगळी माणसं पुढं काढतो. माझ्या वहीनं नव्वदही मिनिटं सारखी धरली होती. हजारो लोकांच्या ओढाताणीतून आलेला तो भाव माझ्या सूत्रापेक्षा शहाणा होता, हे मला मनापासून आवडलं.

ऐंशीच्या पुढं राइसचा फटका खांबाला लागून परतला. नव्वद मिनिटं झाली, सहा मिनिटं वाढवून मिळाली. इंग्लंड बाहेर पडणार हे घरात सगळ्यांनी धरलं होतं. पंचाण्णवाव्या मिनिटाला वॉकरचा लांब थ्रो-इन आला, गेहीनं तो डोक्यानं पुढं सारला, आणि आदल्याच दिवशी एकवीस वर्षांचा झालेल्या ज्यूड बेलिंगहॅमनं गोलकडे पाठ असताना हवेत उलटी झेप घेऊन चेंडू जाळ्यात मारला. असं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. १-१. मग नव्वद मिनिटांच्या खेळाची शिट्टी झाली आणि जादा वेळ सुरू झाला. तो सुरू होऊन मिनिट व्हायच्या आत टोनीनं डोक्यानं दिलेल्या चेंडूवर केननं हेडर मारला. २-१. शेजारच्या घरांतून आरोळ्या आल्या. मी मुलाला म्हणाले, ‘गेले रे पैसे.’

‘नाही आई. पैसे आलेत केव्हाच.’

त्यानं दाखवलं. जादा वेळ सुरू व्हायच्या आधीच ‘२.५ पेक्षा कमी’वाल्यांचा हिशेब चुकता झाला होता. बाजाराच्या नियमात स्पष्ट लिहिलं होतं : मोजणी फक्त नव्वद मिनिटं आणि पंचांनी त्यात वाढवलेला वेळ, एवढ्याचीच. जादा वेळाची तीस मिनिटं धरायची नाहीत, पेनल्टी शूटआउट धरायचं नाही. ‘कोण जिंकेल’ या रकान्यातही त्यामुळे ‘बरोबरी’ विजयी ठरली. इंग्लंडवर लावलेले पैसे बुडाले, आणि लावणारे त्याच वेळी इंग्लंडच्या विजयावर नाचत असणार. पुढच्या फेरीत कोण जाईल, हा प्रश्नच वेगळा होता आणि त्याचा रकानाही.

मला हे पैसे घ्यायला नको वाटले. केनचा तो गोल खरा नव्हता का? युरोपीय फुटबॉल संघटनेनं, युएफानं, तो मोजला. त्या गोलासह केनचे स्पर्धेअखेर तीन गोल झाले आणि सर्वाधिक गोल करणाऱ्या सहा जणांत तो बसला. त्या सहांत स्लोव्हाकियाचा श्रांत्सही होता. एकच गोल एका वहीत आहे आणि दुसऱ्या वहीत नाही, यानं माझी झोप गेली.

रात्री गणिताच्या बाजूनं विचार केला तेव्हा उलगडलं. दर मिनिटाला किती गोल, या हिशेबाला ठरावीक काळ लागतो. साखळीतले सामने नव्वद मिनिटांचे, लीगचे सामने नव्वद मिनिटांचे, सगळा जुना विदा नव्वद मिनिटांचा. बाद फेरीत जादा वेळ मिळणार की नाही हे मात्र गोलांवरच ठरतं : बरोबरी झाली तरच. म्हणजे ज्या गोष्टीची मोजणी करायची तीच मोजणीची लांबी ठरवणार. असा प्रश्न भावात बांधणं फार अवघड आहे. शिवाय ब्रिटनमध्ये १९२०च्या दशकापासून चालत आलेल्या, निकालांवर पैसे लावायच्या फुटबॉल पूल्समध्ये बरोबरी हा मानाचा निकाल असायचा. तो निकाल जिवंत ठेवायचा तर सामना कुठंतरी थांबवायलाच हवा. नियमात लबाडी नव्हती. तो पहिल्यापासून लिहिलेला होता, फक्त भावाच्या मोठ्या आकड्यांखाली बारीक अक्षरांत.

पाचच दिवसांनी, ५ जुलैला श्टुटगार्टमध्ये तेच झालं. स्पेन आणि जर्मनी नव्वद मिनिटांनंतर १-१, आणि ११९व्या मिनिटाला मेरिनोनं हेडरनं स्पेनला जिंकून दिलं. पाहणाऱ्यांचे गोल तीन, बाजाराचे दोन. त्या युरोच्या बाद फेरीतल्या १५ सामन्यांपैकी पाच जादा वेळेत गेले. म्हणजे तीनातल्या एका सामन्यात मैदान आणि बाजार यांची घड्याळं वेगळी होती.

त्या दहा पौंडांनंतर मी मुलाला पुन्हा लावायला सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. पण उरलेल्या सामन्यांचे भाव मी वहीत उतरवत राहिले, आणि त्यात पैसे लावल्याइतकीच गोडी होती, हे मी शपथेवर सांगेन.

आपल्याकडे अशा बाजाराला ‘ओपिनियन ट्रेडिंग’ म्हणत होते. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीनं एप्रिल २०२५ मध्ये बजावलं की हे तिच्या नियमनाखाली येत नाही आणि गुंतवणूकदाराला मिळणारं कोणतंही संरक्षण इथं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली. माझ्या मते हे योग्यच झालं. जिन्यात उभी राहिलेली काकू ज्यांनी पाहिली आहे त्यांना याहून वेगळं वाटणार नाही. तरीही परदेशी साइटचे दुवे मुलांपर्यंत पोचतात, ‘हा जुगार नाही, हे ज्ञान आहे’ असं त्यांना सांगितलं जातं, आणि नियमाची ती बारीक ओळ कुणी वाचत नाही.

माझी विनंती गणिताच्या शिक्षकांना आहे. यातलं ज्ञान खरोखर सुंदर आहे, ते सट्टेवाल्यांच्या हाती सोडू नका. पुढच्या मोठ्या स्पर्धेत बाद फेरीचा एक सामना निवडा. मुलांना सरासरी काढू द्या, शक्यतांचा तक्ता करू द्या, दर दहा मिनिटांनी आकडा कसा हलतो ते आलेखावर मांडू द्या. एक पैसाही मध्ये येऊ देऊ नका. आणि सुरुवात करण्याआधी त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, मोजणी नव्वद मिनिटांची की एकशेवीसची.